भाऊंचे चार निकाल

आमच्या भाऊंनी महापालिकेची निवडणूक चार वेळा लढवली. एकदा हरले, एकदा जिंकले, एकदा एकाच दुपारी आधी जिंकले आणि मग हरले. चौथ्या वेळी काय झालं ते शेवटी सांगेन, कारण गोष्ट सांगणाऱ्याने थोडं हातचं राखून ठेवावं. तिसऱ्या वेळी भाऊंनी हातात आलेली जागा स्वतः उठून परत केली, आणि त्याला कारण मी होतो. ही गोष्ट मी लग्नात, बारशात, एकदा तर धंतोलीतल्या एका दवाखान्याच्या बाकावर बसलेल्या अनोळखी माणसांनाही सांगितली आहे. आधी मान खाली घालून सांगायचो. आता छाती पुढे काढून सांगतो.

भाऊंची सक्करदऱ्यात लॉन्ड्री. उंच, काटकुळा माणूस, कानावर पेन्सिल, आणि अंगात इतका चुरगळलेला सदरा की दुकानावरची पाटी खोटी वाटावी. कोणी टोकलं की म्हणायचे, "लोकायचे कपडे पह्यले. आपला नंबर आला की करू." त्यांचा नंबर आलेला मी अजून पाहिलेला नाही.

भाषण त्यांना जमत नसे. सभेत उभे राहत, दोन्ही हात मागे बांधत आणि सुरुवात करत, "इस्त्री गरम करून ठेवून आलो, थोडक्यात बोलतो." बोलणं खरंच थोडक्यात असे. पण हेच वाक्य त्यांनी जरीपटक्यात, दुकानापासून पार शहराच्या दुसऱ्या टोकाला, एका लग्नात नवरा-नवरीला आशीर्वाद देतानाही वापरलं. नवरदेवाचा मामा बिचारा घाबरून गाडी काढायला धावला होता.

खरी मजा त्यांच्या वहीची. कपड्याला जसा नंबर, तसा तक्रारीलाही नंबर. 'नालीचं झाकण, एक नग.' 'खांबावरचा दिवा, एक नग.' तक्रार देणाऱ्याला पावती मिळे आणि पावतीवर डिलिव्हरीचा वार, नेहमी गुरुवार. गुरुवारी काम झालेलं असो वा नसो, भाऊ दारात हजर. झालं असेल तर म्हणत, "पाहून घ्या." नसेल तर, "नाही झालं. पुढच्या गुरुवारी येतो." हे सगळं ते नगरसेवक नव्हते तेव्हाही चालायचं. नगरसेवक झाल्यावर त्याच पावतीची एक प्रत इंजिनियरच्या टेबलावर जाऊ लागली, एवढाच फरक पडला.

वहीतली पहिली तक्रार होती मागच्या गल्लीची. 'पाणी, एक गल्ली.' आमच्या वॉर्डात सगळीकडे नळ होते, फक्त त्या गल्लीत पाईप पोचला नव्हता. तिथल्या बाया पुढच्या रस्त्यावरून पाण्याच्या घागरी-गुंड भरभरून नेत. दर गुरुवारी भाऊ त्या गल्लीत जात. तोंडावरच्या घरात एक म्हातारी राहायची, सगळा वॉर्ड तिला माय म्हणे. ती ओट्यावरूनच विचारी, "आला का गा, नाही झालं सांगाले?"

"हव, माय. नाही झालं."

"बस मंग. चहा पेऊन जा."

भाऊ निवडणुकीला उभे राहिले ते या एका नंबरासाठी. वहीच्या पहिल्याच पानावरची तक्रार तशीच पडून आहे, हे त्यांना सहन होत नव्हतं.

समोर होते शेठ. हार्डवेअरचं मोठं दुकान, पांढरेशुभ्र कडक कपडे, आणि ते कपडे इस्त्रीला कुठे येत, तर भाऊंकडेच. निवडणुकीच्या धामधुमीतही येत. भाऊ त्यांची कॉलर जरा जास्तच मन लावून करत.

आता पहिला निकाल. भाऊ अपक्ष, त्यामुळे चिन्ह निवडायचं होतं. त्यांनी अर्थातच इस्त्री मागितली. नेमकी तीच आणखी एका अपक्षाने मागितली. हा माणूस कोण हे वॉर्डात कोणालाच ठाऊक नव्हतं. चिठ्ठ्या टाकल्या, इस्त्री त्याला गेली आणि भाऊंच्या वाट्याला नारळ आला. भाऊ डगमगले नाहीत. त्यांनी नारळाची चित्रं छापून घेतली आणि इस्त्री केलेल्या प्रत्येक सदऱ्याला टाचणीने एक चित्र लावून घरोघर पाठवलं. लोकांनी काय केलं? टाचणी काढली, नारळ बाजूला ठेवला, कडक सदरा अंगात घातला आणि जाऊन इस्त्रीचं बटण दाबून आले.

तो अनोळखी माणूस एक दिवसही प्रचाराला फिरला नव्हता. भाऊंच्या खालोखाल मतं त्यालाच. दोघांची मिळून मोजली तर शेठ पडले असते. निकालाच्या दुसऱ्या दिवशी तो माणूस पेढे घेऊन लॉन्ड्रीत आला.

"भाऊ, माह्या घरात चार मतं हायेत. बाकीची कुठून आली जी?"

"माह्यी हायेत," भाऊ म्हणाले. "राहू द्या आता. कपडे आणले का?"

पुढे तो त्यांचं कायमचं गिऱ्हाईक झाला.

निकालानंतरची भाऊंची एक रीत होती. बूथवार आकडे हाती आले की ज्या बूथवर सगळ्यात कमी मतं पडली, तिथे दुसऱ्या दिवशी सकाळी जायचं आणि दारोदार विचारायचं. रागवायचं नाही, गयावया करायची नाही, फक्त का, ते विचारायचं. "मत नाही देलं, तुमची मर्जी. काहून, येवढं सांगा." लोक आधी दचकत, मग मोकळे होत. कोणी म्हणे, तुमचा कुत्रा भुंकते. कोणी म्हणे, माझ्या पॅन्टची बटणं तुटून आली होती. एक बाई म्हणाल्या, "तुमची बायको हासत नाही, भाऊ."

भाऊंनी घरी येऊन हे जसंच्या तसं वहिनींना सांगितलं. वहिनी चादरीची घडी घालत होत्या.

"मी हासले तं तुमी निवडून यान," त्या म्हणाल्या. "मंग दुकान कोण पाहीन?"

त्या पहिल्या फेरीत मीही भाऊंबरोबर होतो. धंतोलीत औषधांच्या दुकानात नोकरी, घरी बायको आणि एक मुलगी, वय तिशीच्या घरात, आणि तरी भाऊ मला 'पोट्टा', म्हणजे पोरगा, म्हणत. त्या सकाळी त्यांच्यामागे दारोदार फिरताना मी मनाशी ठरवलं की या माणसाचं काम करायचं. प्रेम फार वाईट असतं, हे तेव्हा कळलं नव्हतं.

दुसऱ्या वेळी इस्त्री मिळाली आणि भाऊ दणक्यात निवडून आले. मिरवणुकीला लोक दुकानासमोर जमले तर भाऊ गायब. ते सगळ्यात कमी मतांच्या बूथवर 'काहून' विचारत फिरत होते. मिरवणूक त्यांना शोधत शोधत तिथे गेली आणि ज्यांनी मत दिलं नव्हतं त्यांनाच गुलाल लागला.

त्या पाच वर्षांतला एकच प्रसंग सांगतो. शाळेच्या वाटेवर एका चेंबरचं झाकण फुटलं होतं. गुरुवार उजाडला, झाकण आलं नाही. भाऊंनी दुकानातलं लाकडी टेबल उचललं, उघड्या चेंबरवर ठेवलं आणि टेबलावर स्वतः बसून कपड्यांच्या घड्या घालायला लागले. गिऱ्हाइकं तिथेच येऊ लागली. पावत्या तिथेच फाटू लागल्या. दुपारी इंजिनियरसाहेब धावत आले.

"भाऊ, असं रस्त्यात कायले बसले?"

"दुकान हाय न माह्यं. तुमचं झाकण येईपर्यंत इथंच राहीन. तुमचे काही कपडे?"

संध्याकाळच्या आत झाकण बसलं. आणि पाच वर्षं संपता संपता, मागच्या गल्लीच्या पाईपची फाइलही मंजूर झाली. खोदकाम मात्र निवडणुकीनंतर. माय म्हणाली, "म्हणजे अजून नाही झालं."

"या खेपेले आलो की झालं समज, माय."

अशी ती तिसरी निवडणूक. शेठ या वेळी इरेला पेटलेले, आणि सगळ्यांना माहीत होतं की फाइल एका टेबलावर आहे आणि टेबलामागे माणूस आपला नसला तर ती तिथेच राहील.

मी एका बूथवर भाऊंचा पोलिंग एजंट होतो. सकाळी मतदान सुरू व्हायच्या आधी मॉक पोल होतो, म्हणजे मशीन नीट चालतंय का हे पाहायला एजंट स्वतः बटणं दाबून खोटी मतं टाकतात. ती मोजून दाखवतात, कागदावर लिहून सह्या घेतात आणि मग पुसून मशीन कोरं करतात. त्या दिवशी वेळेवर आलेले आम्ही दोघंच, मी आणि शेठचा एजंट. त्याने झोपेतच तीन वेळा शेठचं बटण दाबलं. मी भाऊंचं दाबलं. किती वेळा? बारा वेळा. कारण विचारू नका. इस्त्रीचं ते छोटं चित्र समोर होतं, बटण दाबलं की छान आवाज यायचा आणि माझा हात थांबला नाही.

केंद्राध्यक्ष बाहेरगावचे एक गरीब मास्तर. त्यांनी पंधरा मतं कागदावर लिहिली, आमच्या सह्या घेतल्या आणि मशीन कोरं करायला हात पुढे केला. तेवढ्यात बाहेरून माझी तर्री पोह्याची पार्सलं आली. रात्रभर त्या बूथच्या शाळेतच झोपलेली ती निवडणुकीची माणसं. मी म्हणालो, "सर, पह्यले खाऊन घ्या. थंड होतीन." सरांचा हात मागे आला. तर्रीने सगळ्यांच्या नाकातोंडातून पाणी काढलं. तोवर दाराशी रांग लागली, आणि मतदान सुरू झालं.

संध्याकाळी मास्तरांनी मशीनवरचा आकडा कागदावर उतरवला, मशीन सील झालं. मतदारांच्या सह्यांच्या रजिस्टरशी तो आकडा ताडून पाहायचा राहिला.

मतमोजणी एका मोठ्या सभागृहात. जाळीमागे आम्ही, पलीकडे टेबलं. शेठ एका कोपऱ्यात, भाऊ दुसऱ्या. शेवटची फेरी संपली आणि भाऊ सात मतांनी पुढे. सात. बाहेर ढोल सुरू झाला. आमचे लोक फाटकावर चढले. अजून अधिकाऱ्यांनी जाहीर करायचं बाकी होतं, कागद टाईप होत होता. मी आनंदाच्या भरात, उगाच, आपल्या बूथची यादी काढून खुणा मोजायला लागलो. मत देऊन गेलेल्या प्रत्येक माणसापुढे मी दिवसभर खूण केली होती. मशीनच्या आकड्यापेक्षा माझ्या खुणा पंधरा कमी होत्या. पुन्हा मोजल्या. पंधराच.

मला पोह्यांचा वास आला, खरं सांगतो.

मी गप्प बसू शकलो असतो. शेठच्या एजंटने यादीची सुरळी करून मतदानाच्या दुपारीच कान कोरला होता, त्याच्याकडून काही निघणार नव्हतं. मी भाऊंच्या जवळ गेलो.

"भाऊ, मॉक पोलची मतं मशीनमंदीच राहून गेली वाटते."

"किती?"

"पंधरा. शेठले तीन. तुमाले बारा."

"बारा काहून?"

"मीच दाबली."

भाऊंनी कानावरची पेन्सिल काढली आणि माझ्या यादीच्या मागे बारातून तीन वजा केले, नऊ. खाली आघाडीचे सात लिहिले.

"म्हणजे आपण दोननं हरलो."

"कोणालेच मालूम नाही, भाऊ."

"मले सांगतलं नसतं तं मी जिंकलो असतो," ते म्हणाले. "तू सांगतलं. संपलं."

"मागच्या गल्लीचं पाणी, भाऊ."

भाऊंनी फाटकाकडे पाहिलं. बाहेर ढोलावर आमच्याच वॉर्डातली माणसं नाचत होती, त्यात मागच्या गल्लीतलीही असणार. भाऊंनी पेन्सिल पुन्हा कानावर ठेवली, चुरगळलेला सदरा खाली ओढला आणि जाळीपाशी गेले.

"साहेब, जाहीर नका करू. माह्या बूथच्या मशीनमंदी खोटी मतं हायेत. लिहून देतो."

साहेबांना आधी वाटलं हे हरलेले उमेदवार आहेत. "तक्रार असेल तर बाजूला थांबा. ज्यांना कमी मतं पडली ते सगळे असंच म्हणतात."

"मले जास्त पडली, साहेब. तेच सांगून राहिलो."

पुढे दीड-दोन तास फोन झाले. सह्यांचं रजिस्टर उघडलं, मॉक पोलचा कागद उघडला, आमच्या सह्या सापडल्या, त्या गरीब मास्तरांना बोलावलं. ते रडायच्या बेतात होते. भाऊंनी त्यांना पाणी दिलं. वरून आदेश आला, पंधरा मतं वजा झाली आणि शेठ दोन मतांनी निवडून आले. बाहेरचा ढोल क्षणभर थांबला आणि मग तोच ढोलवाला शेठच्या गोटात जाऊन वाजवू लागला. त्याचा काही दोष नाही.

शेठ भाऊंसमोर येऊन उभे राहिले. गळ्यात हार होता.

"मागच्या गल्लीची फाइल," भाऊ म्हणाले. "गुरुवारी येतो दुकानात."

वॉर्ड भडकला. आता वाटतं भडकायलाच पाहिजे होता. लोक लॉन्ड्रीसमोर उभे राहून बोलत, "आमी देलेली मतं तुमी शेठले देऊन आले. आमाले इचारलं?" भाऊ म्हणत, "तुमची सगळी माह्यापाशी हायेत. या पोट्ट्यानं देलेली तेवढी परत केली." माझं नाव 'बारा मतवाला' पडलं. बाजारात भाजीवालीसुद्धा विचारायची, "बारा देऊ का भाऊ, वांगे?"

या वेळी सगळ्यात कमी मतांच्या बूथवर जायच्या आधी भाऊ मागच्या गल्लीत गेले. मी मागे होतो. माय ओट्यावरच होती. त्या दिवशी तिने बस म्हटलं नाही.

"काहून?" तिने विचारलं. चार घरांच्या बाया दारात आल्या होत्या.

आयुष्यभर दुसऱ्यांना हा शब्द विचारत फिरलेल्या माणसालाच आता कोणी तो विचारत होतं. ते म्हणाले, "माय, मोजणी चुकली होती."

"आन् आमचं पाणी?"

"गुरुवारी सांगतो."

घरी आल्यावर वहिनी काय म्हणतील याची मला धास्ती होती. एरवी भाऊ निवडणूक हरले की खूश होणारी एकटी बाई ती, पण जिंकलेली जागा परत करणं वेगळं. वहिनींनी माझ्यापुढे ताट ठेवलं, भाऊंपुढे ठेवलं आणि पहिल्यांदाच मला त्या हसताना दिसल्या. "जेवा," म्हणाल्या. "दोघंही लय शहाणे हा."

पुढचे गुरुवार भाऊ शेठच्या हार्डवेअरच्या दुकानात जाऊन बसू लागले. कपड्यांचं गाठोडं घेऊनच जात. घड्या घालत, शेठकडे पाहत नसत. गिऱ्हाइकं विचारत, "भाऊ, इथं काय करून राहिले?" भाऊ सांगत, "डिलिव्हरीची वाट पाहून राहिलो." शेठ काही वाईट माणूस नव्हता, फक्त त्याला कोणी गुरुवार दिला नव्हता. तिसऱ्या वर्षी मागच्या गल्लीत खोदकाम सुरू झालं. पाणी आलं त्या दिवशी भाऊंनी वहीतल्या पहिल्या तक्रारीवर काट मारली आणि मायकडे जाऊन म्हणाले, "पाहून घे." मायने तोटी उघडली, बंद केली, पुन्हा उघडली.

"धार बारीक हाय," ती म्हणाली. भाऊंनी लगेच नवी पावती फाडली.

मी मात्र लॉन्ड्रीकडे जायचं टाळत होतो. एका गुरुवारी भाऊ धंतोलीत माझ्या दुकानात येऊन उभे राहिले. मागे औषध घ्यायला आलेल्यांची रांग.

"पुढच्या निवडणुकीत त्याच बूथवर बसशीन."

"दुसरा कोणी पाहा, भाऊ. लोक हासतात."

"दुसरा कोणी ही चूक करू शकते," भाऊ म्हणाले. "तू आता नाही करू शकत." आणि मागच्या बाईला जागा देऊन निघून गेले.

चौथी निवडणूक आली. वॉर्डाचे नकाशे बदलले होते, नवे लोक जोडले गेले होते. त्यांना भाऊ म्हणजे कोण हे ठाऊक नव्हतं आणि जुने काही अजून रुसलेले होते. समोर पुन्हा शेठ. मी त्या बूथवर पहाटेच जाऊन बसलो, मॉक पोलला एकदाच बटण दाबलं, आणि मशीन कोरं झाल्याचं शून्य स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय कोणाला चहासुद्धा पिऊ दिला नाही.

मोजणी त्याच सभागृहात. दुपार झाली, शेवटची फेरी झाली. भाऊ पाच मतांनी पुढे.

शेठची माणसं त्यांच्याभोवती गोळा झाली. "फेरमोजणी मागा, शेठ. पाच म्हणजे काहीच नाही. मागच्या वेळेले पाहिलं न?" साहेबांनीही विचारलं, "फरक कमी आहे. फेरमोजणीचा अर्ज द्यायचा आहे का? तुमचा हक्क आहे."

शेठ भाऊंकडे वळले.

"भाऊ, मशीनमंदी काही राहून तं नाही गेलं न?"

"थांबा, पोट्ट्याले इचारतो," भाऊ म्हणाले आणि मला हाक मारली.

मी यादी घेऊन पुढे गेलो. चाळिशी उलटलेला पोट्टा. खुणा मी तीनदा मोजल्या होत्या. सगळे माझ्याकडे पाहत होते, आमचेही आणि त्यांचेही.

"जेवढ्या खुणा, तेवढीच मतं," मी म्हणालो.

भाऊंनी शेठकडे पाहून मान हलवली. शेठचा एक माणूस अर्जाचा कागद घेऊन पुढे सरसावला होता. शेठने त्याचा हात बाजूला केला, त्याच्याच खिशातला पेन काढून घेतला आणि ते साहेबांसमोरच्या निकालाच्या कागदावर वाकले.

"मोजणी झाली, साहेब," ते म्हणाले. "सही कुठं कराची?"